व्हिटबीला आठवडाभर राहून काही सुचतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही लीड्सला राहतो आणि बहुतेक दर उन्हाळ्यात आठवडाभर व्हिटबीला जाऊन पडतो, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं छोटंसं बंदर आहे ते. परत आलं की ओळखीतले लिहिणारे-चितारणारे लोक तेच तेच विचारतात, इंडियातून येणारे तर हमखास, म्हणून सगळी उत्तरं एकदाच टाईप करून ठेवतेय. मी काही मोठी लेखिका वगैरे नाहीये, वर्षाला दोन-तीन कथा होतात, त्यातली एखादी दिवाळी अंकात जाते, बाकी पेन्सिलने खरडणं चालू असतं. तेव्हा उत्तरं त्या बेतानेच घ्या.

सुट्टीवर गेल्यावर खरंच काही सुचतं का?

मला तरी नाही सुचत. पहिल्या वर्षी मी नवीकोरी वही, तीन पेनं आणि "या आठवड्यात कथा पूर्ण करायची" असा पण घेऊन गेले होते, आणि सातव्या दिवशी वहीत काय होतं तर चहाचा डाग आणि बसच्या वेळा. रडायला आलं होतं अक्षरशः.

नंतर लक्षात आलं की सुट्टी हे वाळवणाचं काम आहे. आई एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया घालायची तेव्हा त्या लगेच तळून खायच्या म्हणून नाही घालायची ना, वाळवायच्या, डब्यात भरायच्या, आणि श्रावणात कधीतरी पाहुणे आले की डबा उघडायचा. तसंच हे. किनाऱ्यावर फक्त गोळा करायचं, तळणं घरी. (ब्रिटिश उन्हात कुरडई वाळणार नाही हे मला माहितीये, कृपया तेवढ्यासाठी मेसेज करू नका.)

पण व्हिटबीच का? कॉर्नवॉल जास्त सुंदर आहे ना?

आहे ना, नक्कीच आहे. तिथल्या सेंट आयव्ह्ज गावाचा उजेड बघून चित्रकार वेडे होतात ते उगाच नाही, शिल्पकार बार्बरा हेपवर्थ १९३९ मध्ये तिकडे गेली ती १९७५ साली मरेपर्यंत तिथलीच झाली. पण लीड्सहून कॉर्नवॉल म्हणजे दिवसभराचा प्रवास आणि ऑगस्टमध्ये राहण्याचे रेट बघितले की प्रतिभा तिथल्या तिथे आटते.

व्हिटबी आम्हाला जवळ पडतं हे खरं कारण. दुसरं म्हणजे गाव एवढंसं आहे पण त्यात कोंबलेलं खूप आहे, मधून एस्क नदी, तिच्यावर उघडबंद होणारा पूल, एका कड्यावर मोडका मठ, दुसऱ्या कड्यावर हॉटेलं, खाली मासेमारीच्या होड्या. आणि गंमत म्हणजे किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे जूनच्या अखेरीस सूर्य समुद्रातून उगवताना दिसतो आणि मावळतोही समुद्रातच. आपल्याकडे कोकणात तो फक्त बुडतो, उगवतो तो सह्याद्रीमागून. एकाच बाकावर बसून दोन्ही बघायचं म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं आणि रात्री साडेनऊपर्यंत टिकायचं, मला आजवर एकदाच जमलंय, तेही बाळ रडत होतं म्हणून.

ड्रॅक्युला तिथे सुचला असं म्हणतात ते खरं का?

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे म्हणून इथे जरा लांबण लावते.

ड्रॅक्युला ही कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात सुट्टीला म्हणून व्हिटबीला आला. तो तेव्हा पूर्णवेळ लेखक नव्हताच, लंडनला लायसियम थिएटरचा मॅनेजर होता, हेन्री आयर्व्हिंग या बड्या नटाचा सगळा कारभार सांभाळायचा, म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर जॉब करून उरलेल्या वेळात लिहिणारा माणूस. बायको आणि मुलगा मागून येणार होते, मधले काही दिवस एकट्याचे होते. (हे वाचून किती जणींनी सुस्कारा सोडला ते मला इथे ऐकू आलं.) वेस्ट क्लिफवर रॉयल क्रेसेंटमधे खोली घेतली होती.

रक्तपिपासू काउंटची कल्पना तो बरोबर घेऊनच आला होता, त्या वर्षीच्या मार्चमधली टिपणं सापडलीयेत. पण तेव्हा त्या काउंटचं नाव होतं वँपिर. विचार करा, काउंट वँपिर. म्हणजे मराठीत भुताच्या गोष्टीतल्या भुताचं नाव भुतोबा ठेवल्यासारखं. मग इथल्या लायब्ररीत त्याला विल्यम विल्किन्सनचं वालाचिया आणि मोल्डाविया या आजच्या रोमानियाकडच्या प्रांतांवरचं १८२० सालचं पुस्तक मिळालं, त्यातल्या एका तळटीपेत लिहिलं होतं की ड्रॅक्युला म्हणजे तिकडच्या भाषेत सैतान. त्याने ते टिपून घेतलं, पुस्तकाचा लायब्ररी नंबरसुद्धा लिहून ठेवला. नाव मिळालं ते असं, तळटीप वाचून, वादळी रात्री कड्यावर उभं राहून नव्हे.

आणखी काय काय केलं त्याने? थडग्यांवरची नावं उतरवली, त्यातलं स्वेल्स हे नाव पुढे कादंबरीत एका म्हाताऱ्याला दिलं. व्हिटबीच्या बोलीतल्या शब्दांची ही एवढी यादी केली. कोस्टगार्डच्या लोकांशी गप्पा मारल्या तेव्हा कळलं की १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये दिमित्री नावाचं एक रशियन जहाज वादळात बंदराच्या आत टेट हिलच्या वाळूवर येऊन रुतलं होतं, नार्वा बंदरातून निघालेलं. कादंबरीत तेच डेमेटर झालं आणि नार्वाचं वार्ना. दोन-दोन अक्षरं इकडची तिकडे, बास.

आणि कादंबरी कधी आली? १८९७ ला. सात वर्षांनी! त्याची ती टिपणं आता फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख म्युझियममधे आहेत. मी जेव्हा जेव्हा "सुट्टीत काहीच लिहून झालं नाही" म्हणून चिडचिड करते तेव्हा नवरा फक्त "सात वर्षं" एवढंच म्हणतो आणि चहा टाकायला जातो.

ड्रॅक्युलाचं थडगं कुठे आहे?

नाहीये. तो काल्पनिक आहे. सेंट मेरी चर्चमध्ये हे इतके लोक विचारायचे की असं थडगं नाही, कृपया विचारू नये अशी पाटीच लावायची वेळ आली.

थडगी मात्र बघाच. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने वालुकाश्म असा काही खाल्लाय की दगडाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत, काहींवर एकही अक्षर उरलेलं नाही, नुसताच उभा दगड. पेन्सिल आडवी धरून छटा द्यायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

मला चित्रही काढता येत नाही आणि लिहिताही येत नाही. मी जाऊन काय करू?

हा प्रश्न विचारायला व्हिटबी ही जगातली सगळ्यात योग्य जागा आहे.

त्या कड्यावरच्या मठाची स्थापना ६५७ सालची, हिल्डा नावाची मठाधिपती बाई होती, साधू आणि साध्वी दोघंही तिच्या हाताखाली. तिच्या मठात कॅडमन नावाचा एक गुराखी होता. जेवणावळीनंतर हार्प (तारांचं वाद्य) हातोहात फिरायचा आणि ज्याच्याकडे येईल त्याने गायचं अशी पद्धत, आपल्याकडे अंताक्षरीत कसं आपला नंबर जवळ आला की काहींना अचानक पाणी प्यायला जायचं असतं, तसा हा कॅडमन हार्प जवळ येताना दिसला की उठून सटकायचा. असाच एका रात्री पळून गोठ्यात जाऊन झोपला, आणि स्वप्नात कोणीतरी येऊन म्हणालं, कॅडमन, गा. हा म्हणाला येत नाही हो मला, म्हणून तर इथे आलो. तर तो म्हणाला तरी गायचंच आहे, सृष्टीच्या आरंभाचं गा. आणि हा गायला लागला. सकाळी उठल्यावर ते सगळं आठवत होतं! ज्यांचं नाव आपल्याला माहीत आहे अशा इंग्रजी कवींमध्ये हा सगळ्यात जुना. ही हकिगत बीड नावाच्या भिक्षूने आठव्या शतकात लिहून ठेवली. चर्चच्या आवारात कॅडमनच्या नावाचा उंच क्रॉस आहे, १८९८ साली उभारलेला.

मी पहिल्यांदा ही गोष्ट वाचली तेव्हा अंगावर काटा आला, कारण आपल्या तुकोबांची गोष्ट हीच ना. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात आले आणि म्हणाले कवित्व कर, माझी राहिलेली संख्या पुरी कर. तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितलंय ते. हजार वर्षांचं अंतर, एक देहूचा वाणी आणि एक या कड्यावरचा गुराखी. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, झोपल्याशिवाय कसं यायचं कोणी स्वप्नात, तुम्ही तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन बघत बसता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किती दिवस जावं आणि कधी?

सलग पाच दिवस तरी. पहिले दोन दिवस नुसते फोटो काढण्यात आणि पार्किंग शोधण्यात जातात.

शाळांच्या सुट्ट्यांमधे गर्दी आणि महागाई दोन्ही, पण मुलं असली की पर्याय नाही. ऑगस्टमध्ये एक फायदा आहे, यॉर्ककडून पिकरिंगमार्गे मूर्सच्या माळावरून येणारी ८४० नंबरची बस घेतली तर सगळा माळ हेदरच्या फुलांनी जांभळा झालेला असतो, ज्यांनी कास पठार बघितलंय त्यांना कल्पना येईल. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा, त्यासाठी मुलांना ढकलावं लागलं तरी ढकला. वर्षातून दोनदा गॉथ वीकेंड असतो, १९९४ पासून चालू आहे, काळे कपडे, काळी लिपस्टिक, व्हिक्टोरियन टोप्या घातलेली माणसं शांतपणे रांगेत चिप्स घेत उभी असतात. माणसांची स्केचेस करायची असतील तर तेव्हा जा. मात्र तेव्हा खोली मिळत नाही.

समुद्रात पोहता येतं का? पाणी कसं असतं?

ऑगस्टमध्येसुद्धा चौदा-पंधरा डिग्री. मी घोट्यापर्यंत जाते.

धुकं येतं म्हणतात ते काय? आमचे दोन दिवस त्यात वाया गेले.

त्याला इथे सी फ्रेट म्हणतात. जमिनीवरून उबदार हवा थंडगार नॉर्थ सीवर गेली की तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं आणि वारा ते किनाऱ्यावर ढकलतो. मैल-दोन मैल आत गेलात तर लख्ख ऊन, आणि इथे पुलाचं दुसरं टोक दिसत नाही. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त.

वाया गेले असं का म्हणता पण? माझ्या वहीतलं सगळ्यात कामाचं पान फ्रेटच्या दिवसाचं आहे. दिसत काही नाही म्हटल्यावर कान उघडतात. त्या दिवशी मी पिअरवर बसून फक्त आवाज लिहिले होते, दोरखंड ओला होऊन करकरतोय, कुणीतरी कुत्र्याला "आर्ची, आर्ची" हाक मारतंय आणि आर्ची येत नाहीये, एक इंजिन चालू आहे पण बोट कुठे आहे कळत नाही, आणि खाली लाटांची गाज. ऊन असतं तर मी आईस्क्रीम खाल्लं असतं आणि घरी आले असते.

आणि पाऊस? नुसता पाऊसच पाऊस पडला तर?

पडणारच आहे, तो धरूनच चाला. आपल्या पावसासारखा कोसळून मोकळा नाही होत, दिवसभर रडवेल्या मुलासारखा कुरकुरत राहतो.

पॅनेट पार्कमधलं म्युझियम गाठा. कृपा करून "आणखी एक म्युझियम" म्हणून टाळू नका, कारण तिथे जळवांचं वादळ-यंत्र आहे. जॉर्ज मेरीवेदर नावाचे व्हिटबीचेच एक डॉक्टर होते, त्यांच्या लक्षात आलं की वादळ येण्याआधी जळवा अस्वस्थ होऊन बाटलीत वर चढतात. मग त्यांनी बारा बाटल्या, प्रत्येकीत एक जळू, वर एक छोटा हातोडा आणि मधे घंटा असं देवळाच्या कळसासारखं दिसणारं यंत्र बनवलं. जळू वर चढली की घंटा वाजणार, जितक्या जास्त वेळा वाजेल तितकं वादळ नक्की. १८५१ च्या लंडनच्या ग्रेट एक्झिबिशनमध्ये हे मांडलं होतं. आणि बाटल्या गोलाकार का ठेवल्या, तर जळवांना एकमेकी दिसाव्यात, एकटं वाटू नये म्हणून! हे डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय. म्युझियममध्ये आहे ती प्रतिकृती आहे, पण मी तिच्यासमोर अर्धा तास उभी होते. त्याच म्युझियममधे एका माणसाचा वाळलेला हातही आहे, असा हात जवळ असला की घरातली माणसं जागी होत नाहीत आणि बिनधास्त चोरी करता येते अशी चोरांची समजूत होती म्हणे. एवढ्यावर ज्याला काही सुचणार नाही त्याने सरळ क्रॉसवर्ड सोडवावं.

नाहीतर मग शेल्टर. ब्रिटिश किनाऱ्यांवर समुद्राकडे तोंड करून लाकडी बाकांची छपरं असतात ना, ती. टी. एस. एलियट १९२१ च्या शरदात मन थकलं म्हणून तिकडे खाली, दक्षिणेतल्या मार्गेटच्या किनाऱ्यावर विश्रांतीला गेला होता, तिथल्या समुद्रासमोरच्या शेल्टरमध्ये बसून त्याने आपल्या सगळ्यात गाजलेल्या कवितेचा एक भाग लिहिला. आता त्या शेल्टरला संरक्षित इमारतीचा दर्जा आहे. आपल्याकडे एसटी स्टँडला कुणी देईल का असा दर्जा? तिथेही काय कमी कविता लिहिल्या गेल्या असतील का.

भरती-ओहोटीचं टाईमटेबल बघायलाच हवं का? आम्ही काय मासे पकडायला चाललोय?

बघाच. एक तर जिवाचा प्रश्न आहे. व्हिटबीहून सँडसेंडपर्यंत वाळूवरून चालत जाता येतं, साधारण तीन मैल, पण भरती आली की पाणी थेट वर येतं आणि माणसं अडकतात, गावाच्या दुसऱ्या अंगाला, सॉल्टविकच्या बाजूला तर फारच. उधाणाला पाण्याच्या पातळीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड मजला. अडकलातच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं.

दुसरं म्हणजे तुमच्या कामासाठी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रोज त्याच वेळी त्याच जागी बसलात तरी समोरचं चित्र रोज वेगळं असतं. सोमवारी होड्या तरंगतायत, शुक्रवारी त्याच होड्या चिखलात कलंडून पडल्यात. मी रोज सकाळी दहाला पुलाजवळच्या एकाच बाकावर बसते आणि तेच चित्र काढते, सात दिवस, सात चित्रं. पहिली चार फालतू असतात. पाचव्या दिवशी कधीतरी हात ऐकायला लागतो.

बरोबर मुलं, सासू-सासरे, आई-वडील असतील तर कसलं आलंय लिहिणं?

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि विचारतात त्या नेहमी बायकाच.

एक, मुलांना पिअरवर खेकडे पकडायला बसवा. दोरी, जाळीची पिशवी, त्यात बेकनचा तुकडा, आणि एक बादली, सगळं तिथेच दुकानात मिळतं, दोन तास निश्चिंती. खेकडे नंतर परत सोडायचे असतात हे आधीच सांगा, नाहीतर आमच्यासारखं होतं, पाच वर्षांच्या मुलाने "याचं कालवण कर" म्हणून भर पिअरवर भोकाड पसरलं होतं, रक्त कोकणातलं ना शेवटी.

दोन, त्या १९९ पायऱ्या. गावातून चर्चकडे चढणाऱ्या. कुटुंबातल्या प्रत्येकाला स्वतंत्र मोजायला लावा, कुणाचंच उत्तर जुळत नाही, वर जाऊन भांडण, परत खाली. मधेमधे बसायला सपाट जागा आहेत, त्या पूर्वी शवपेटी खांद्यावरून नेणाऱ्यांना टेकण्यासाठी केलेल्या. आईला हे तिथे बसल्यावर सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या.

तीन, घरच्यांना अडचण समजू नका, त्यांच्याकडेच माल असतो. आई आमच्याकडे आली होती त्या वर्षीची वही मी अजून उपसतेय. तिचं सगळं आयुष्य गुहागरला गेलं. ती त्या दगडी धक्क्यावर स्वेटर, वर शाल, वर माझं जॅकेट घालून बसली आणि म्हणाली, "हा काय समुद्र, एक माड नाही." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "वास मात्र तोच आहे हो." त्यानंतर पाऊण तास ती तिच्या वडिलांच्या गलबताबद्दल बोलत होती, जे तिने उभ्या जन्मात मला कधी सांगितलं नव्हतं. मी शेजारी बसून पेन्सिलने लिहीत होते, तिला वाटलं चित्र काढतेय.

सामान काय न्यायचं?

पेन्सिल. पेनाची शाई फ्रेटमध्ये पसरते, वॉटरकलर वाळतच नाही. दोन मोठ्या क्लिपा, नाहीतर वारा पानं फिरवत राहतो. छोटी वही, खिशात मावेल अशी, मोठी वही काढली की लोक वाकून बघतात आणि मग आपण त्यांच्यासाठी काढायला लागतो. खाली बसायला प्लॅस्टिकची पिशवी, बाकं कायम ओली. महागडं काही नको, एका वर्षी मी साठ पाउंडांचा रंगांचा सेट नेला आणि तो खराब होऊ नये म्हणून बॅगेतून काढलाच नाही.

फोटो काढले तर नाही का चालत? हातात फोन आहेच की.

चालतं की. व्हिटबीला तर चांगलीच परंपरा आहे त्याची. फ्रँक मेडो सटक्लिफ, १८५३ ते १९४१, बहुतेक आयुष्य याच गावात फोटोग्राफर. पोटासाठी उन्हाळ्यात येणाऱ्या टुरिस्टांचे पोर्ट्रेट काढायचा, त्याचा कंटाळा यायचा, आणि उरलेल्या वेळात तो कोळी, कोळणी, धक्क्यावरची पोरं यांचे फोटो काढायचा. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो १८८६ चा, शाळा बुडवून बंदरात उघडी-नागडी डुंबणारी पोरं. स्थानिक पाद्री भडकले आणि त्याला धर्मबहिष्कृत केलं, दुसरीकडे प्रिन्स ऑफ वेल्सने त्याच फोटोची मोठी प्रत घेतली.

पण त्याचा कॅमेरा अवजड, काचेच्या प्लेटा, दिवसाला किती फोटो निघणार? बघायलाच जास्त वेळ जायचा. माझा नियम असा की दिवसाला दहा फोटो, अकरावा काढायचा असेल तर आधीचा एक डिलीट.

व्हेज लोकांनी चिप्स खाव्यात ना बिनधास्त?

थांबा! यॉर्कशरमध्ये बऱ्याच ठिकाणी मासे आणि चिप्स दोन्ही बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. काउंटरवर आधी विचारा, तेलात तळणारीही दुकानं आहेत, आणि विचारलं तर कुणाला राग येत नाही. आम्हाला हे तिसऱ्या वर्षी कळलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

सीगल फार त्रास देतात, उपाय?

डोळ्यात डोळे घालून बघत राहा. चेष्टा नाही, एक्सेटर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चिप्सची पिशवी ठेवून हा प्रयोग केला होता, माणूस टक लावून बघत असेल तर हे कुरव जवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेतात. तेवढ्यात निम्मे चिप्स संपतात. आणि एवढं निरखून बघितल्यावर त्याची चोच, तो पिवळा निर्दयी डोळा, सगळं तुम्हाला आठवणीतून काढता येईल.

किनाऱ्यावर ते गोल वेटोळ्याचे दगड मिळतात ते काय?

अमोनाइट. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव, दगड झालेले. गावात दंतकथा अशी की हिल्डाबाईंनी इथल्या सगळ्या सापांचे दगड केले, पूर्वी कारागीर त्यांना सापाची डोकी कोरून टुरिस्टांना विकायचे सुद्धा. एका जातीला शास्त्रज्ञांनी तिच्या नावावरून हिल्डोसेरस असं नाव दिलंय.

आता आपल्या देवघरातला शाळिग्राम आठवा. गंडकी नदीतला तो काळा दगड म्हणजे अमोनाइटच. त्यांच्याकडे साप, आपल्याकडे विष्णू. आईने तो दगड हातात घेतला, उलटासुलटा केला आणि पदराला पुसून पर्समध्ये टाकला, आता तो गुहागरला देवघरात आहे, तुळस वाहिली जाते त्याला रोज. (वाळूत सुटे पडलेले घ्या, कडा फोडायला जाऊ नका, ते कडे आधीच ढासळतायत.)

लिहायचं मराठीत की इंग्रजीत?

टिपणं ज्या भाषेत कानावर पडली त्या भाषेत, देवनागरीतच लिहा हवं तर, "लव्हली डे" म्हणणारी म्हातारी तशीच्या तशी उतरवा, भर पावसात म्हणाली असेल तर वेळही लिहा. पण समुद्र मात्र मला मराठीतच दिसतो. गाज, पुळण, खडप, उधाण, भांग, हे शब्द आजोळचे, लीड्सला वर्षभर जिभेवर येत नाहीत आणि त्या पुलाजवळच्या बाकावर बसलं की एकेक करून वर येतात. स्टोकरने व्हिटबीच्या बोलीची यादी केली होती ना, मी मागच्या तीन पानांवर माझ्या आजोळच्या बोलीची करते. सध्या एकशे चाळीस शब्द झालेत, आईला फोन करून भर घालते.

मग तुम्ही यातून लिहिलंत काय शेवटी?

आतापर्यंत एक कथा. फ्रेटच्या दिवसाचं ते पान, आर्ची न येणारा कुत्रा, आईच्या वडिलांचं गलबत, हे सगळं चार वर्षं वहीत नुसतं पडून होतं, आणि एका मंगळवारी इस्त्री करताना पहिलं वाक्य आलं. कथा घडते हर्णै बंदरात, १९५० च्या आसपास, त्यात इंग्लंडचं नावसुद्धा नाही, कुत्र्याचं नाव मोत्या. संपादकांना आवडली, फक्त एक शंका त्यांनी लिहून पाठवली होती, की बाकी सगळं छान आहे पण हर्णैला समुद्रावरून एवढं गार धुकं कुठून येतं हो?